देशाकडून खेळलेल्या निवृत्त टेनिसपटूची कारकीर्द कशी लिहावी

पुण्यात एखाद्या जिमखान्याची स्मरणिका निघते, एखाद्या शाळेचा अमृतमहोत्सव असतो किंवा जुन्या खेळाडूचा सत्कार ठरतो, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की, त्यांच्या कारकिर्दीवर दोन पाने मजकूर हवा आहे. हे काम बहुधा कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी एखाद्या हौशी सभासदाच्या गळ्यात पडते, आणि तो ऐकीव माहितीवर ‘देशाचे नाव उज्ज्वल केले’, ‘टेनिसविश्वात स्वतःचे स्थान निर्माण केले’ अशी वाक्ये लिहून मोकळा होतो. खेळाडूचे नाव बदलले तरी तोच मजकूर दुसऱ्या कोणालाही चालावा, इतका तो सर्वसाधारण असतो. मी स्वतः अशी टिपणे बरीच वर्षे लिहीत आलो आहे, सुरुवातीची काही याच पद्धतीने लिहिली आहेत, आणि ती आज वाचताना संकोच वाटतो. पुढे जे सांगतो आहे ते त्या चुकांमधूनच हाती आले आहे.

‘देशाकडून खेळले’ याचा अर्थ आधी ठरवा

सगळ्यात जास्त गफलत याच दोन शब्दांत होते. राष्ट्रीय शिबिरासाठी बोलावणे येणे, संघात निवड होणे आणि प्रत्यक्ष कोर्टवर उतरून सामना खेळणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या माणसांच्या बोलण्यात मात्र त्या तिन्ही मिळून ‘डेव्हिस कप खेळले’ एवढेच उरते; डेव्हिस कप म्हणजे डेव्हिस चषक, देशादेशांच्या पुरुष संघांमधली टेनिस स्पर्धा. संघाबरोबर परदेशी जाऊन, आठवडाभर इतरांबरोबर सराव करून, एकही सामना न खेळता परतलेले खेळाडू कमी नाहीत. त्यात कमीपणा काहीच नाही, परंतु त्याची नोंद ‘संघात निवड’ अशीच झाली पाहिजे. डेव्हिस चषकाच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो किती लढतींत खेळला आणि एकेरीत व दुहेरीत किती सामने जिंकला-हरला हे दिलेले असते. लिहिण्याचे काम हाती घेतल्यावर पहिला तक्ता तेथून उतरवून घ्यावा आणि मगच खेळाडूच्या घरी जावे.

हा तक्ता वाचण्यासाठी ‘लढत’ आणि ‘सामना’ यांतला फरक मनात पक्का असावा लागतो. दोन देशांमधली संपूर्ण झुंज ही एक लढत, आणि तिच्यात अनेक वर्षे चाललेल्या पद्धतीप्रमाणे पाच सामने असत: शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी आणि रविवारी परतीच्या दोन एकेरी. आपली वृत्तपत्रे ‘लढत’ हा शब्द दोन्हींसाठी वापरतात, त्यामुळे ‘त्यांनी पाच लढती जिंकल्या’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

जवळचे उदाहरण घ्यायचे तर फेब्रुवारी २०१७मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात भारत आणि न्यूझीलंड यांच्यात झालेल्या लढतीचे घ्यावे. भारताने ती ४-१ अशी जिंकली. शुक्रवारच्या दोन्ही एकेरी भारताने घेतल्या, शनिवारी दुहेरीत लिअँडर पेस आणि विष्णुवर्धन हरले, आणि रविवारी रामकुमार रामनाथनने चौथा सामना जिंकला तेव्हाच लढतीचा निकाल लागला. त्यानंतर झालेला पाचवा सामना युकी भांबरीने जिंकला, तो मात्र निकालावर परिणाम न करणारा होता. आकड्यांत दोन्ही विजय सारखेच दिसतात. लिहिणाऱ्याने मात्र ‘निर्णायक सामना’ हा शब्द चौथ्यालाच द्यावा, पाचव्याला देऊ नये. जुन्या खेळाडूच्या नावापुढचे विजय मोजताना प्रत्येक विजयाच्या वेळी लढत जिवंत होती की संपलेली होती, हे तपासण्याची सवय लावून घ्यावी. अनेकदा दोन विजयांपैकी गुणफलकावर किरकोळ दिसणारा विजयच खरा मोलाचा निघतो.

डेव्हिस चषकाबाहेरचे प्रतिनिधित्व वेगळ्या ओळीत लिहावे. आशियाई क्रीडा स्पर्धेत टेनिसचा समावेश १९५८मध्ये टोकियोला झाला. ऑलिम्पिकमध्ये मात्र पदकाचा खेळ म्हणून ते दीर्घ खंडानंतर १९८८मध्ये परतले. त्यामुळे १९७०च्या दशकातील खेळाडूच्या टिपणात ‘ऑलिम्पिकची संधी हुकली’ असे वाक्य आढळले तर ते खोडावे, कारण अशी संधी तेव्हा नव्हतीच. कुमार गटातील सामने पुन्हा निराळे. १९९२च्या विम्बल्डनमध्ये मुलांच्या दुहेरीत महेश भूपती आणि पुण्याचे नितीन कीर्तने यांची जोडी उपविजेती ठरली. अंतिम सामना त्यांनी ६-१, ४-६, ९-७ असा गमावला. या वाक्यातले ‘मुलांच्या’ आणि ‘दुहेरीत’ हे दोन्ही शब्द राहिले पाहिजेत. ते गाळले की विधान मोठे दिसते आणि त्याच क्षणी खोटे होते. शिवाय तिसऱ्या सेटमधल्या ९-७ या आकड्यांत जी चुरस आहे ती ‘विम्बल्डनचे उपविजेते’ या गोळाबेरीज शब्दांत कुठेच दिसत नाही.

कात्रणांची पेटी

खेळाडूच्या घरी बहुधा एक वही असते, नाही तर एक पेटी. एरंडवण्यातल्या एका काकांकडे मी गेलो, तेव्हा काकूंनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढून दिवाणावर उपडी केली आणि त्यातून शे-दोनशे कात्रणे, दोन ब्लेझरचे बिल्ले आणि एक लाकडी रॅकेट निघाली. रॅकेट अजून चौकटीत दाबून, चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवलेली होती. कात्रणे मोठ्या प्रेमाने कापलेली होती, आणि म्हणूनच त्यांवर एकही तारीख उरलेली नव्हती. बातमीच्या कडेकडेने कात्री चालवताना वृत्तपत्राचे नाव आणि दिनांक हमखास गळतो. हा अनुभव तुम्हालाही येईल.

अशा वेळी कात्रण उलटे करावे. मागच्या बाजूला काय छापले आहे त्यावरून तारीख सापडते. त्या दिवशी एका कात्रणाच्या पाठीवर बालगंधर्व रंगमंदिरातल्या नाट्यप्रयोगाची अर्धी जाहिरात होती. रंगमंदिराचे उद्घाटन १९६८मध्ये झाले असल्यामुळे बातमी त्यानंतरची, एवढे तत्काळ कळले. दुसऱ्याच्या पाठीवर दिनविशेषाचा तुकडा होता आणि त्यात वार व तिथी शाबूत होती. ठरावीक वार आणि ठरावीक तिथी यांची सांगड दरवर्षी जमत नाही. खेळाडू ज्या पाच-सात वर्षांत परदेशी स्पर्धा खेळत होता तेवढ्या वर्षांची जुनी पंचांगे काढून बसल्यावर एकच तारीख शिल्लक राहिली. ही खटपट कोणाला अतिरेकी वाटेल, पण त्या एका तारखेवर पुढच्या सहा कात्रणांचा क्रम लागला.

तारीख सापडली तरी ती वृत्तपत्राची असते, सामन्याची नव्हे. पुण्यातील सामना बहुधा आदल्या दिवशीचा धरता येतो. युरोपातला किंवा अमेरिकेतला सामना वेळेच्या फरकामुळे दोन दिवस मागचाही असू शकतो. ‘काल झालेल्या सामन्यात’ या शब्दांवर विसंबू नये. संशय असेल तेथे ‘जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

पेटीतून काहीही घरी नेऊ नये. तेथेच मोबाइलवर प्रत्येक कात्रणाचे पुढून आणि मागून छायाचित्र घ्यावे, क्रमांक द्यावा आणि कात्रण होते त्याच घडीत परत ठेवावे. एका स्मरणिकेच्या वेळी मूळ छायाचित्रे छापखान्यात पाठवली गेली आणि त्यांतली दोन परत आली नाहीत. त्या घरात मला पुन्हा कधी चहा मिळाला नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

जे कात्रणांत नाही ते ग्रंथालयांत शोधावे. जुनी वृत्तपत्रे चाळण्यापूर्वी डेव्हिस चषकाच्या तक्त्यातून आणि खेळाडूच्या पारपत्रावरील शिक्क्यांवरून महिना नक्की करून घ्यावा, म्हणजे वर्षभराच्या फायली उपसाव्या लागत नाहीत. जुनी पारपत्रे बहुतेक खेळाडू जपून ठेवतात, आणि त्यांच्या आठवणीपेक्षा त्या शिक्क्यांचा भरवसा कितीतरी अधिक.

गुण, क्रमवारी आणि मानांकन

जुने गुण पाहून छपाईची चूक समजून ते ‘दुरुस्त’ करण्याचा मोह टाळावा. डेव्हिस चषकात टायब्रेकर, म्हणजे ६-६ अशा बरोबरीला एका जादा गेमवर सेट संपवण्याचा नियम, १९८९मध्ये आला, आणि तोही पाचवा सेट वगळून. पाचव्या सेटला तो २०१६मध्ये लागू झाला. त्यामुळे १९७५च्या सामन्यात १२-१० असा सेट दिसला तर तो बरोबर आहे. उलट १९८३च्या डेव्हिस चषक सामन्यात ७-६ दिसले, तर वर्ष चुकले आहे किंवा स्पर्धा दुसरीच आहे, असे समजून शोध पुन्हा सुरू करावा. विम्बल्डनची गोष्ट याहून विचित्र: तेथे १९७१ ते १९७८ या काळात टायब्रेकर ८-८ अशा बरोबरीला होत असे, म्हणून त्या वर्षांत ९-८ असा सेट कायदेशीर होता. या नियमांच्या तारखा हाताशी असल्या की गुणफलक स्वतःच आपला काळ सांगू लागतो.

मराठीत लिहिताना ‘मानांकन’ आणि ‘क्रमवारी’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. स्पर्धेपुरता दिलेला क्रमांक ते मानांकन; वर्षभराच्या कामगिरीवर ठरणारे जागतिक स्थान ती क्रमवारी. ‘त्यांना ३५० वे मानांकन होते’ हे वाक्य अशक्य आहे. पुरुषांची संगणकीय क्रमवारी ऑगस्ट १९७३मध्ये सुरू झाली आणि दुहेरीची १९७६मध्ये, त्यामुळे त्याआधी निवृत्त झालेल्या खेळाडूची ‘सर्वोच्च जागतिक क्रमवारी’ शोधत बसू नये. त्या काळी तज्ज्ञ पत्रकार आपापल्या याद्या करत, आणि तसा उल्लेख करायचा तर यादी कोणाची तेही सांगावे लागते. शिवाय १९८९पर्यंत क्रमवारी सरासरी गुणांवर ठरत असे आणि पुढे निवडक सर्वोत्तम निकालांच्या बेरजेवर ठरू लागली. १९८० सालचा २०० वा आणि २००५ सालचा २०० वा यांना एका फूटपट्टीने मोजता येत नाही.

‘व्यावसायिक’ हा शब्दही जपून वापरावा. १९६८पूर्वी विम्बल्डन आणि डेव्हिस चषक हे हौशी खेळाडूंचेच क्षेत्र होते. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले तेव्हा ते व्यावसायिक नव्हते, आणि त्या दोन्ही वेळी ज्यांच्याकडून ते हरले, त्या नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर यांनीच त्या त्या वर्षी विजेतेपद पटकावले. पराभव लिहिण्याची ही पद्धत मला फार आवडते: कोणत्या फेरीत, कोणाकडून, आणि तो प्रतिस्पर्धी पुढे कुठवर गेला. सत्काराच्या मजकुरात पराभव नकोत असा आयोजकांचा आग्रह असतो. त्यांना एवढेच विचारावे की, जो कोणाकडूनच हरला नाही असा टेनिसपटू त्यांनी पाहिला आहे काय.

ज्या पातळीवर बहुतेक भारतीय खेळाडूंचे आयुष्य गेले, ती म्हणजे सॅटेलाइट स्पर्धा. सलग चार आठवडे, बहुधा वेगवेगळ्या शहरांत, आणि सगळ्यांची मिळून शेवटी गुणांची मोजणी, अशी ही मालिका असे. एक आठवडा जिंकून मध्येच घरी निघून गेल्यास क्रमवारीचे गुण हाती पडत नसत. १९९८पासून एक-एक आठवड्याच्या फ्यूचर्स स्पर्धा आल्या आणि काही वर्षांत सॅटेलाइट मागे पडल्या. आजच्या वाचकाला हे दोन वाक्यांत समजावून सांगितले नाही, तर स्पर्धांच्या तीन पायऱ्या ओळखून न घेताच तो प्रत्येक स्पर्धेला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून टाकतो. पुणेकरांना मोजमाप सहज देता येते: २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीत जी महाराष्ट्र ओपन भरत असे ती २५० गुणांच्या दर्जाची एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंची संघटना) टूर स्पर्धा, तिच्या खाली चॅलेंजर आणि त्याच्याही खाली सॅटेलाइट किंवा फ्यूचर्स.

एक बारीक पण लाजिरवाणी चूक राहिली. इंग्रजी गुणफलकावर सामन्याच्या शेवटी ‘रिटायर्ड’ असे असते, त्याचा अर्थ दुखापतीमुळे किंवा आजारामुळे सामना अर्धवट सोडला एवढाच. एका स्मरणिकेत त्याचे ‘या सामन्यानंतर त्यांनी निवृत्ती स्वीकारली’ असे भाषांतर छापून आले होते, आणि ते गृहस्थ त्यानंतर सहा वर्षे खेळले होते.

समोर बसून काय विचारावे

तक्ता आणि कात्रणे यांचा क्रम लागल्यावरच मुलाखतीला बसावे. ‘देशासाठी खेळताना काय वाटले’ या प्रश्नाला प्रत्येक खेळाडूकडे एक घोटून घोटून गुळगुळीत झालेले उत्तर असते. त्याऐवजी हातात पकडता येईल असे विचारावे. लहानपणी क्लबवर ज्यांनी तुम्हाला चेंडू मारून दिले ते मार्कर कोण होते? पहिली रॅकेट कोणाची जुनी होती? तारा तुटल्या की कोणाकडे विणून घेत असा? परदेशी जाताना परकीय चलन किती मिळाले आणि ते किती आठवडे पुरले? या शेवटच्या प्रश्नाने मला अनेक कारकिर्दींचा उलगडा झाला आहे. १९७०-८०च्या दशकांत परकीय चलनावर निर्बंध होते, नोकरीतली रजा मोजकी होती, आणि त्यामुळे क्रमवारीच्या तक्त्यात जी सहा-आठ महिन्यांची पोकळी दिसते तिचे कारण खेळातली घसरण नसून खिसा असू शकतो. हे कोणत्याही संकेतस्थळावर सापडत नाही.

मार्कर हा शब्द नव्या वाचकाला सांगावा लागेल. क्लबच्या नोकरीत असलेला, सभासदांबरोबर खेळणारा, कोर्टची देखभाल करणारा आणि पुष्कळदा मुलांना पहिला फोरहँड शिकवणारा हा माणूस असे. एरंडवण्याचे काका डेव्हिस चषकाबद्दल बोलताना थांबून थांबून बोलत होते, मार्करचा विषय निघाल्यावर ते उठले, हातातली घडी घातलेली वर्तमानपत्राची सुरळी रॅकेटसारखी धरली आणि दिवाणखान्यात डावा खांदा वळवून दाखवत म्हणाले, “असं. खांदा आधी, हात नंतर. तो एवढंच सांगायचा, दिवसभर.” त्यांच्या बॅकहँडबद्दल मी कात्रणांतून जमवलेली तीन विशेषणे त्या रात्री खोडली आणि ही एक हालचाल लिहिली.

आठवण आणि कागद यांत विरोध आला तर खेळाडूला तोंडावर खोटे पाडू नये. कागद पुढे ठेवावा आणि “काका, येथे दुसऱ्या फेरीत असे दिसते, तुम्हाला उपांत्यपूर्व आठवते, मधले काही राहिले का?” असे विचारावे. दहापैकी आठ वेळा दोन वर्षांच्या स्पर्धा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि ते स्वतःच हसून सोडवतात.

निवृत्तीनंतरचा भाग

क्रिकेटपटूसारखी घोषणा करून टेनिसपटू क्वचितच थांबतो. क्रमवारीतून नाव गळते, पुढच्या मोसमात प्रवेशिका जात नाही, एवढेच. म्हणून ‘निवृत्तीची तारीख’ देण्याऐवजी देशाकडून खेळलेला शेवटचा सामना आणि व्यावसायिक स्पर्धेतला शेवटचा सामना, असे दोन्ही वेगळे द्यावेत. त्यापुढे भूमिका नीट वेगळ्या कराव्यात. नंदन बाळ यांच्यासारखा एखादा खेळाडू आधी भारताकडून डेव्हिस चषक खेळतो आणि पुढे संघाचा प्रशिक्षक होतो. तेव्हा ‘इतकी वर्षे डेव्हिस चषक संघात’ अशी बेरीज करू नये. न खेळणारा कर्णधार हा कोर्टच्या कडेला खुर्चीत बसतो आणि संघ ठरवतो, प्रशिक्षकाचे काम निराळे, निवड समितीचे त्याहून निराळे. चाळिशी-पन्नाशीनंतर वयोगटातल्या ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा असतात त्यांना आता ‘मास्टर्स’ म्हणतात. त्यांचा आणि एटीपीच्या मास्टर्स १००० स्पर्धांचा नावापलीकडे संबंध नाही, हे लक्षात ठेवावे.

घराण्याचा उल्लेख एका वाक्यात आटोपावा. गौरव नाटेकर यांच्यावर लिहायला बसलेला माणूस हमखास निम्मी जागा वडिलांना, म्हणजे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांना, देऊन बसतो. अर्जुन पुरस्कार दोघांनाही मिळालेला असल्यामुळे शोधताना गोंधळही होतो. वडिलांचा १९६१चा, म्हणजे पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षीचा. मुलाच्या टिपणाचे पहिले वाक्य मात्र त्यांचे स्वतःचे हवे: ‘१९९४च्या हिरोशिमा आशियाई क्रीडा स्पर्धेत गौरव नाटेकर यांनी पुरुष सांघिक आणि लिअँडर पेस यांच्या साथीने पुरुष दुहेरी अशी दोन सुवर्णपदके भारतासाठी जिंकली.’ वर्ष, गाव, प्रकार, जोडीदार. एकही विशेषण लागले नाही.

शहराचा संदर्भ द्यायचा तर तोही असाच नेमका द्यावा. १९७४मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याआधीची सोव्हिएत संघाविरुद्धची उपांत्य लढत भारताने पुण्यात जिंकली होती, हे पुण्यातल्याच स्मरणिकांत लिहिलेले मला फारसे दिसलेले नाही. त्या पिढीच्या खेळाडूकडे गेलात तर ती लढत पाहायला ते होते का, कुठे बसले होते, तिकीट कोणी काढले होते, एवढे अवश्य विचारा.

मसुदा तयार झाल्यावर तो खेळाडूला वाचायला न देता मोठ्याने वाचून दाखवावा. कागद हातात दिला की लोक शुद्धलेखन तपासतात, ऐकताना मात्र चुकीची जागा लगेच टोचते. एरंडवण्याच्या काकांनी माझ्या दोन पानांत एकच दुरुस्ती सांगितली. दुहेरीतल्या एका विजयात मी त्यांचे नाव आधी आणि जोडीदाराचे नंतर लिहिले होते. ते म्हणाले, “त्या दिवशी सर्व्हिस त्याची चालली होती. त्याचं नाव आधी घाला.”